कोरड्या मुलखासाठी वायपर

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे आणि तिथे मालवाहू वाहनांच्या केबिन पत्र्यापासून रंगापर्यंत तयार होतात. वायपर हा आमच्याकडे एरवी विकत आणून बसवण्याचा भाग असतो. मात्र एका हलक्या विद्युत मालवाहू वाहनाच्या केबिनचे काम आले, तेव्हा तिची पुढची काच सपाट, रुंद आणि जवळजवळ उभी होती, आणि काचेखालची जागा इतकी अरुंद होती की बाजारातला कोणताही तयार संच तिथे मावत नव्हता. त्यामुळे मोटर, दांड्या, आर्म (पाते धरणारा हात) आणि पिव्होट (आर्म ज्याभोवती फिरतो तो टेकू) यांची संपूर्ण रचना करण्याचे काम माझ्याकडे आले. काम सुरू झाले तेव्हा मला पंचांगातला पावसाळा डोळ्यांसमोर ठेवावासा वाटत होता. संपले तेव्हा माझे मत असे झाले होते की आपल्या भागातल्या वायपरची खरी परीक्षा पाऊस पडताना होत नाही, ती पाऊस थांबल्यावर होते.

याचे कारण घर्षणात आहे. काच पूर्ण ओली असते तेव्हा रबराची धार पाण्याच्या पातळ थरावरून घसरते आणि घर्षण गुणांक, म्हणजे घर्षणाचे बल भागिले दाब, साधारण 0.1 ते 0.2 एवढाच राहतो. काच कोरडी असली की तोच गुणांक 0.8 ते 1 किंवा त्याच्याही वर जातो, आणि काच अर्धवट सुकलेली असते त्या मधल्या अवस्थेत रबर काचेला धरून ठेवू लागते, सुटते, पुन्हा धरते. वायपरचा जो करकर आवाज आपण ऐकतो तो याच धर-सोडीचा. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात आहे. वळवाची सर येते ती धुळीचा लोट पुढे घालून, दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते, आणि गरम काच बघता बघता सुकू लागते. आमच्याकडे माल पोचवणारे एक टेम्पोचालक आहेत, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. वायपरचे कागद माझ्या टेबलावर पसरलेले पाहून ते म्हणाले, ‘‘साहेब, पावसात कुठलाबी वायपर चालतोय बघा. पाऊस थांबला की मग कळतंय त्याचं.’’ हेच वाक्य मी भाराच्या हिशोबाचा पाया धरले. मोटरपासून सुरुवात करून काचेपर्यंत न येता, काचेवरच्या सर्वांत वाईट अवस्थेपासून सुरुवात करून मागे मागे मोटरपर्यंत जायचे ठरवले.

काच सुमारे 1200 मिलिमीटर रुंद आणि 620 मिलिमीटर उंच होती. एकाच दिशेने फिरणारे दोन आर्म घ्यायचे हे लवकर ठरले. समोरासमोर फिरणारे आर्म घेतले तर मधोमध वरच्या भागात पुसला न जाणारा त्रिकोण राहतो आणि एकच मोठा आर्म घेतला तर एवढ्या रुंदीवर त्याची लांबी पेलवत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून थांबलेल्या स्थितीत दोन्ही पाती डावीकडे आडवी पडलेली आणि वर गेल्यावर काचेच्या कडेच्या उजव्या खांबाला समांतर उभी, अशी मांडणी हवी. डावीकडे चालक बसणाऱ्या देशांतल्या गाडीची मांडणी जशीच्या तशी उचलली, तर नेमका चालकाच्या उजव्या खांबाजवळ न पुसलेला मोठा कोपरा उरतो आणि वळणावर रस्ता ओलांडणारा माणूस त्याच कोपऱ्यात लपतो. चालकाच्या बाजूला 500 मिलिमीटरचे पाते घेतले. पिव्होटपासून पात्याचा मध्य 400 मिलिमीटरवर ठेवला, म्हणजे आतली त्रिज्या 150 आणि बाहेरची 650 मिलिमीटर झाली. 90 अंशांच्या फेरीत एवढे पाते सुमारे 0.31 चौरस मीटर काच पुसते. डावीकडचे पाते 400 मिलिमीटरचे घेतले आणि त्याचा मध्य पिव्होटपासून 350 मिलिमीटरवर ठेवला.

पात्यावर आर्मच्या स्प्रिंगचा किती दाब असावा याचा प्रचलित संकेत म्हणजे पात्याच्या दर मीटर लांबीला साधारण 15 न्यूटन. त्या हिशोबाने मोठ्या पात्यावर 7.5 आणि लहानावर 6 न्यूटन दाब येतो. हा दाब कागदावर लिहिणे सोपे असते; स्प्रिंगकडून तो प्रत्यक्षात मिळतो का हे तपासावे लागते. त्यासाठी आम्ही साधा स्प्रिंग काटा वापरला. पाते काढून, जिथे पाते अडकते त्या पिनला काट्याचा आकडा लावायचा, आर्म पात्याच्या नेहमीच्या उंचीपर्यंत काचेला काटकोनात उचलायचा आणि तिथे काटा साडेसातशे ग्रॅमच्या थोडे पुढे थांबतो का ते पाहायचे. हा काटा पुढे शेवटपर्यंत आमच्या हाताशी राहिला, कारण दाब कमी पडला की धूळ पात्याखालून निसटते आणि जास्त झाला की रबर लवकर झिजते, शिवाय मोटरवरचा भारही वाढतो. हे वाहन जेमतेम ताशी 50 किलोमीटर धावणारे असल्यामुळे वाऱ्याने पाते उचलले जाण्याची भीती नव्हती. वेगवान गाड्यांच्या आर्मवर असते तशी वारा दाबणारी पट्टी मी घेतली नाही.

घर्षण गुणांक 1 धरला तर मोठ्या पात्याच्या शाफ्टवर 7.5 न्यूटन गुणिले 0.4 मीटर, म्हणजे 3 न्यूटन-मीटर, आणि लहान पात्याच्या शाफ्टवर 6 गुणिले 0.35, म्हणजे 2.1 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. दोन्ही पाती एकाच वेळी एकाच दिशेने फिरत असल्यामुळे ही बेरीज टळत नाही आणि एकूण 5.1 न्यूटन-मीटर होतात. ओल्या काचेवर याच्या पाचव्या हिश्शातही काम भागते. पावसाचा विचार करून जर मोटर निवडली असती, तर ती पाऊस थांबल्यावर अडखळली असती, ती यामुळे.

यानंतरचा भाग मला सर्वांत जास्त आवडला. मोटरचा क्रँक, म्हणजे तिच्या शाफ्टवरची आखूड दांडी, एकाच दिशेने गोल फिरतो आणि आर्मला मात्र पुढे-मागे हलायचे असते. हे काम चार दांड्यांचे फोर-बार मेकॅनिझम करते: क्रँक, आर्मच्या शाफ्टवरचा पुढे-मागे हलणारा रॉकर, त्या दोघांना जोडणारा कपलर आणि चौथी दांडी म्हणजे केबिनचा स्थिर सांगाडा. क्रँक पूर्ण फिरायचा असेल तर ग्रॅशॉफची अट पाळावी लागते, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दांडीची बेरीज उरलेल्या दोन दांड्यांच्या बेरजेपेक्षा कमी हवी. शिवाय जाताना आणि येताना पात्याला सारखाच वेळ लागावा असे वाटत असेल तर आणखी एक संबंध जुळवावा लागतो: क्रँकचा वर्ग अधिक सांगाड्याचा वर्ग बरोबर कपलरचा वर्ग अधिक रॉकरचा वर्ग. रॉकर 60 मिलिमीटर आणि फेरी 90 अंश ठरवल्यावर क्रँक 60 गुणिले 45 अंशांचा साइन, म्हणजे 42.4 मिलिमीटर येतो. मोटर आणि उजवा पिव्होट यांच्यातले अंतर जागेने 250 मिलिमीटर ठरवून दिले होते, त्यावरून कपलर 246.4 मिलिमीटरचा निघाला. ग्रॅशॉफच्या अटीत एका बाजूला 292.4 आणि दुसऱ्या बाजूला 306.4 आले, म्हणजे अट पाळली गेली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कपलर आणि रॉकर यांच्यातल्या कोनाला ट्रान्समिशन अँगल म्हणतात. तो 90 अंशांच्या जवळ असेल तेवढा जोर रॉकर फिरवण्यात जातो आणि तो फार घटला की तोच जोर सांधे दाबण्यात वाया जातो. तो साधारण 40 ते 45 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये असा संकेत आहे. वर सांगितलेल्या सारख्या वेळेच्या मांडणीत या कोनाचे किमान मूल्य 90 वजा फेरीच्या निम्म्या अंशांपेक्षा नेहमीच कमी राहते, मग दांड्या कितीही लांब घ्या. म्हणजे 90 अंशांच्या फेरीला 45 अंशांच्या वर जाणे शक्यच नाही. आमच्या मापांना तो 44.2 अंश येतो. ग्राहकाकडून फेरी 100 अंश करण्याची मागणी आली होती. ती मी याच कारणाने नाकारली आणि हिशोबाचा कागदच त्यांच्याकडे पाठवला. काच थोडी अधिक पुसली जाण्यापेक्षा सांधे वर्षानुवर्षे टिकणे माल वाहणाऱ्या माणसाच्या अधिक उपयोगाचे आहे, असे मला आजही वाटते.

दुसरा आर्म चालवण्यासाठी मोटरपासून स्वतंत्र दांडी न काढता उजव्या रॉकरपासून डाव्या रॉकरकडे समांतर दांडी नेली. अशा मांडणीत सांध्यांची ढिलाई पुढे पुढे साठत जाते, म्हणून मोटरला सर्वांत जवळचा आर्म चालकाचाच हवा. ढिलाईचे गणित इथे फार निर्दय असते: 60 मिलिमीटरच्या रॉकरवरची अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई 650 मिलिमीटरवरच्या टोकाशी पाच मिलिमीटरहून अधिक होते. ओल्या काचेवर जास्त वेगात वायपर चालतो तेव्हा ही ढिलाई आणि आर्मची लवचीकता मिळून फेरी एक-दोन अंशांनी वाढते. टोकाशी एक अंश म्हणजे 11 मिलिमीटरहून थोडे अधिक. म्हणून उजव्या खांबाच्या चौकटीपासून पात्याचे अंतर 35 मिलिमीटर ठेवले.

चालण्याचा भार असा ठरला, पण दांड्यांची जाडी चालण्याच्या भारावर ठरवायची नसते. ती अडकण्याच्या भारावर ठरवायची असते. आमच्या परिसरातली काळी माती बारीक असते, ओली झाली की चिकट होते, आणि पाते खाली आणून आणून तिचा काठ काचेच्या तळाशी बांधत जाते. तो काठ वाळला की पाते अगदी शेवटच्या काही अंशांत अडते, आणि नेमके तिथेच क्रँक आणि कपलर एका रेषेत येत असतात. खरेदी विभागाने 35 न्यूटन-मीटर स्टॉल टॉर्कची, म्हणजे अडून थांबताना तेवढा जोर लावणारी, मोटर सुचवली होती, मी 25 ची मागितली. 25 न्यूटन-मीटरला क्रँक कपलरशी काटकोनात असताना कपलरमध्ये सुमारे 590 न्यूटन बल येते. पण सरळ रेषेपासून 10 अंशांवर पाते अडले तर तेच बल 3400 न्यूटनच्या आसपास जाते. 35 च्या मोटरला ते 4700 च्या वर गेले असते. मोठी मोटर घेतली की काम निर्धास्त होते ही समजूत या यंत्रणेत खरी नाही. मोटर जेवढी दांडगी, तेवढी अडकल्यावर दांड्यांची मोडतोड अधिक.

कपलरसाठी 12 मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली होती. सरळ नळी या भाराला वाकत नाही. तिची वाकण्याची मर्यादा 20 हजार न्यूटनच्याही पुढे आहे. अडचण अशी होती की मोटर आणि उजव्या पिव्होटच्या मधून काचेवर हवा सोडणारा पत्र्याचा मार्ग जात होता आणि त्याला चुकवण्यासाठी नळीला 15 मिलिमीटरचा बाक द्यावा लागणार होता. बाक दिलेल्या नळीत 3400 न्यूटनचे बल 51 न्यूटन-मीटरचा वाकवणारा घूर्ण निर्माण करते आणि त्यामुळे येणारा ताण सुमारे 440 मेगापास्कल होतो, तर साध्या पोलादाची सहनशक्ती 250 च्या आसपास असते. नळी जाड करत जाणे हा एक रस्ता होता. मी त्याऐवजी पत्राकाम पाहणाऱ्या सहकाऱ्यांकडे गेलो आणि त्या मार्गाला नळीपुरती खाच मागितली. हवेचा प्रवाह कमी होईल म्हणून ते आधी तयार नव्हते. खाचेजवळ मार्गाची रुंदी वाढवून आतले क्षेत्रफळ तेवढेच राखले, तेव्हा त्यांनी मान्य केले आणि नळी सरळ राहिली.

मोटरची निवड करताना सोलापूरचा उन्हाळा हिशोबात घ्यावा लागला. मे महिन्याच्या दुपारी उभ्या गाडीच्या काचेखालची जागा 70 अंशांपर्यंत तापते असे मी धरले, आणि वळीव नेमका त्याच दुपारनंतर येतो. मोटरच्या तारांतल्या तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो, म्हणजे 50 अंशांच्या वाढीला जवळजवळ 20 टक्के. शिवाय मोटरमधल्या फेराइट चुंबकांची ताकद दर अंशाला सुमारे 0.2 टक्के घटते. दोन्ही मिळून 25 न्यूटन-मीटरची मोटर 19 च्या जवळ येते. क्रँक रॉकरपेक्षा आखूड असल्यामुळे आर्मच्या 5.1 न्यूटन-मीटरसाठी क्रँकवर प्रत्यक्ष लागणारा टॉर्क साधारण 3.6 न्यूटन-मीटर होता, त्यामुळे अर्धवट सुकलेली काच, वायरमधली व्होल्टेजची घट आणि सांध्यांचे घर्षण धरूनही ती पुरेशी होती.

वेगाबद्दल फारसे डोके लावावे लागले नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 101 वायपरविषयी आहे. वेगाचे आकडे अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 104 या वाहन-सुरक्षा मानकात नेमके मिळतात: किमान दोन वेग, त्यातला एक मिनिटाला किमान 45 फेऱ्यांचा, दोहोंत किमान 15 फेऱ्यांचा फरक, आणि कमी वेगही 20 च्या खाली नको. तिसरा ब्रश असलेली नेहमीची मोटर 45 आणि 65 असे दोन वेग देते, ते आम्ही ठेवले. रिमझिम पावसासाठी थांबून थांबून चालणारा वेग मात्र मी आग्रहाने घ्यायला लावला. रॉबर्ट कर्न्स यांनी 1964 मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि पुढे त्यासाठी मोठ्या मोटार कंपन्यांशी न्यायालयात दीर्घ लढा दिला. दोन फेऱ्यांच्या मध्ये काचेवर पुरेसे पाणी साठू दिले की रबर सुकत्या काचेवर घासले जात नाही. आमच्यासाठी तर हाच मुख्य फायदा. त्याच विचाराने काच धुण्याच्या पाण्याचे बटण दाबल्यावर आधी पाणी आणि क्षणभराने वायपर, असा क्रम सर्किटमध्येच बांधून टाकला. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवणे म्हणजे काचेला बारीक पॉलिश कागद लावण्यासारखे आहे.

पिव्होटचे काम आमच्या लेथवरच्या अण्णांनी केले. अण्णांचे घर पूर्व भागातले, आधी यंत्रमागांच्या दुरुस्तीत अनेक वर्षे गेलेली. त्यांनी पहिला नमुना हातात घेऊन शाफ्ट बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळकांडीत) दोनदा फिरवला आणि विचारले, ‘‘सर, ग्रीस उघडं ठेवलंय का? कापसाचा फुफाटा बसला की याची वात होतीय.’’ यंत्रमागांच्या भागात उडणारे सुताचे बारीक तंतू ग्रीसमध्ये बसतात, ग्रीस शोषून घेतात आणि मागे कोरडा बुश उरतो, हे त्यांनी मागांवर पाहिलेले होते. हे वाहन सुताचे गठ्ठे आणि चादरींचे बोजे घेऊन त्याच गल्ल्यांत फिरणार होते. मग तेल मुरवलेले कांस्याचे बुश घेतले, शाफ्टच्या वरच्या तोंडाशी ओ-रिंग बसवली, तिच्यावर रबरी टोपी दिली आणि बॉल जॉइंटच्या प्लॅस्टिकच्या वाट्यांना बूट (धूळ अडवणारी आवरणे) चढवले. मोटरच्या घराला हवा घेण्यासाठी लहान छिद्र असते, ते खालच्या बाजूला येईल अशी मोटर बसवली.

चाचणीसाठी केबिनच्या वर छिद्रे पाडलेला पाइप बांधला आणि कारखान्यामागच्या शेतातली काळी माती मलमलच्या फडक्यातून गाळून घेतली. काचेवर माती भुरभुरायची, थोडे पाणी सोडायचे, वायपर चालू करायचा आणि पाणी तोडायचे. काच सुकत येते तेव्हा काय होते ते पाहणे हाच या चाचणीचा गाभा होता. डाव्या पात्याचा आवाज वर जाताना येई आणि खाली येताना येत नसे. हे लक्षण ओळखीचे आहे. रबराची धार काचेवर नेहमी मागे झुकून चालली पाहिजे आणि फेरीच्या टोकाशी तिने दुसऱ्या बाजूला उलटले पाहिजे. त्यासाठी पात्याची मधली रेषा काचेला काटकोनात हवी. आर्मचे टोक दोन-तीन अंशांनी जरी पिळलेले असले, तरी एका दिशेला धार नीट झुकते आणि दुसऱ्या दिशेला उभी राहून उड्या मारते. आर्मच्या टोकाला पाना लावून हलकेच पीळ दिला, लहान कोनमापकाने काटकोन पडताळला, आणि आवाज गेला. सपाट काचेचा हा मोठा लाभ: गोलाईच्या काचेवर तो कोन फेरीभर बदलत राहतो, इथे एकदा जुळला की जुळला.

परतीच्या पावसात नमुना वाहन मोहोळपर्यंत नेले तेव्हा चालवायला मामाच होते. सरी थांबल्यावर त्यांनी मुद्दाम वायपर चालू ठेवला. काच पुरती सुकेपर्यंत थोडा घासण्याचा आवाज आला, पाते मात्र कुठे अडखळले नाही. गाडी परत आल्यावर काचेच्या तळाशी मातीचा काठ बांधलेला दिसला, म्हणून थांबण्याच्या जागी पाते काचेच्या खालच्या कडेपासून आणखी थोडे वर थांबेल असे आर्म सरकवून घेतले आणि तळाच्या पट्टीला पाणी वाहून जाण्यासाठी दोन खाचा दिल्या.

जुळणीच्या सूचना लिहिताना आर्म कधी बसवायचा याचा क्रम सर्वांत आधी घातला. मोटरला आधी वीज द्यायची, स्विच बंद करून ती आपोआप पार्कच्या जागी थांबू द्यायची, मगच शाफ्टच्या दातेरी टोकावर आर्म काचेवरच्या खुणेशी जुळवून बसवायचा आणि नट आवळायचा. अण्णांच्या सांगण्यावरून त्याखाली आणखी एक ओळ वाढवली: नट आवळताना दुसऱ्या हाताने आर्म घट्ट धरून ठेवावा, कारण मोटरमधला वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) मागे फिरत नाही आणि पान्याचा सगळा जोर बॉल जॉइंटच्या प्लॅस्टिकच्या वाटीवर येतो.